गावात माणसं कमी झाली, मग डोळ्यांच्या ओपीडीत गर्दी का वाढली?

साकव

गेल्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. मी ठाण्यात नोकरीला, आई सिंधुदुर्गात गावी एकटी. रजा टाकून गेलो. सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा पुढे साठेक माणसं होती आणि बहुतेक सगळी डोळ्यांचीच. आत तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "दरवर्षी वाढतंच आहे, आम्ही पुरत नाही."

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. आमच्या वाडीत तीस घरं नांदती होती, आज त्यातल्या अकरा घरांना कुलूप आहे. मी शिकलो ती शाळा पटाअभावी बंद झाली. जनगणनाही तेच सांगते. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. पुढची जनगणना २०२१ ला झालीच नाही, पण वाडी बघता आकडा वर गेला असेल असं वाटत नाही.

माणसं कमी झाली तर रांग कमी व्हायला हवी ना? की मी चुकीच्या बाजूने विचार करतोय? जाणकारांनी सांगावं. सरकार दवाखाने लोकसंख्या बघूनच बांधतं, म्हणून विचारतोय.

---

स्पष्टवक्ता

मोबाईल. दुसरं काय!

---

नेत्रपल्लवी

स्पष्टवक्ता, मोबाईलने मोतीबिंदू होत नाही. डोळे कोरडे पडतात, मुलांचा नंबर वाढतो, तो वेगळा विषय.

साकव, प्रश्न फार योग्य आहे. मी नेत्रतज्ज्ञ आहे, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे काम केलंय. डोळ्यांच्या दवाखान्याला गावात माणसं किती आहेत यापेक्षा ती किती वर्षांची आहेत याच्याशी जास्त काम असतं. विशीतल्या शंभर जणांत मला मोतीबिंदू शोधून सापडणार नाही, पंच्याहत्तरीच्या शंभर जणांत मोतीबिंदू नसलेला डोळा शोधावा लागेल. २०१५ ते १९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातलं अंधत्वाचं प्रमाण एकूण लोकसंख्येत ०.३६ टक्के निघालं, आणि पन्नाशी उलटलेल्यांत १.९९ टक्के. त्यातल्या ६६ टक्के अंधत्वाचं कारण मोतीबिंदूच.

तुमच्या वाडीतून गेले ते तरुण. राहिले ते माझे पेशंट.

---

गणितमास्तर

डॉक्टर, मी जरा फळ्यावर मांडून दाखवतो. आकडे फक्त उदाहरणादाखल.

समजा गाव १००० वस्तीचं, त्यात साठीपुढचे ८०. वीस वर्षांनी गाव ८५० वर आलं, पण साठीपुढचे १५० झाले. जनगणनेच्या कागदावर गाव १५ टक्क्यांनी घटलं, डोळ्यांच्या ओपीडीच्या दृष्टीने ते जवळजवळ दुप्पट झालं. त्यातले पंच्याहत्तरीच्या वरचे वेगळे मोजले तर फरक आणखी मोठा निघेल, कारण हल्ली माणसं ते वय गाठतात.

आता खरे आकडे. २०११ मध्ये महाराष्ट्रात साठीपुढचे लोक ९.९ टक्के होते, देशात ८.६. सरकारच्याच तज्ज्ञगटाच्या अंदाजाप्रमाणे २०३६ पर्यंत देशात हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर जाईल. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, राज्याचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ निघाला, म्हणजे खालून भरती कमी आहे. कोकणात स्थलांतराने हेच लवकर घडलं. साकव, तुमची वाडी उद्याचा महाराष्ट्र आज दाखवतेय.

---

दशावतारी

आमच्या वाडयेतय तीच गत. माका धरून पाच पुरुस, बाकी सगळे म्हाताऱ्यो. आवशीचा ऑपरेशन झाला आणि दुसऱ्या दिवसाक पट्टी काढल्यार तिना पयला काय केल्यान म्हायत आसा? माळ्यावरची जाळमटा बघून माझ्या बायलेक सांगल्यान, "गो, ह्या घरात माणसा रवतत काय?"

---

चाफ्याचंफूल

@दशावतारी, आमच्याकडे आजीने ऑपरेशननंतर सगळी तांब्याची भांडी चिंचेने पुन्हा घासायला काढली होती! इतकी वर्षं तिला ती लख्ख दिसत होती.

---

तालुका_दवाखाना

मी नेत्र चिकित्सा अधिकारी, ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली. साकव यांना भेटलेल्या ताईंसारखंच माझं काम. थोडं सविस्तर लिहितो, कारण मला या रांगेचा रंग बदललेला दिसलाय.

मी लागलो तेव्हा ओपीडीत खुपरीमुळे पापण्यांचे केस आत वळलेले लोक यायचे, फूल पडलेले यायचे, जीवनसत्त्व अ कमी पडल्याने रातांधळी झालेली मुलं यायची. मोतीबिंदूवाले यायचे ते पार पिकवून, काठी धरून. शिबिरात ऑपरेशन व्हायचं, भिंग बसवायची सोय सगळ्यांना नव्हती, मग दहा नंबरचा जाड चष्मा मिळायचा. तो चष्मा घातलेली माणसं जुन्या फोटोंत आजही ओळखू येतात. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प झाला, त्यात आपलं राज्य होतं. त्या काळात शिबिरातली ऑपरेशनं रुग्णालयात गेली आणि भिंग बसवणं रूढ झालं. आता आम्ही गावात फक्त तपासतो, शस्त्रक्रिया ऑपरेशन थिएटरमध्येच.

खुपरी, रातांधळेपणा क्वचित दिसतो. त्यांच्या जागी शुगरवाले आणि काचबिंदूवाले आलेत. इथेच खरी गोम आहे. मोतीबिंदूचा माणूस येतो, ऑपरेशन होतं, तीन-चार फेऱ्या होतात, जातो. पुढे काही वर्षांनी भिंगामागचं आवरण धुरकट झालं तर एकदा लेसरला येतो, बस्स. काचबिंदूचा माणूस साठाव्या वर्षी सापडला तर तो जन्मभर माझा आहे. डोळ्यातला दाब मोजा, थेंब बदला, फील्ड म्हणजे नजरेचा परीघ तपासा, सहा महिन्यांनी परत या. शुगरवाल्याच्या डोळ्यातला मागचा पडदा (रेटिना) वर्षातून एकदा तरी बघायचाच, त्याला काही त्रास नसला तरी. म्हणजे नवे पेशंट पूर्वीइतकेच आले तरी माझी रांग दरवर्षी वाढणार, कारण जुने कोणी गळत नाहीत. आणि ते दीर्घायुषी व्हावेत म्हणून तर शेजारच्या खोलीतले फिजिशियन झटतायत.

वरून मला मात्र वर्षाअखेर एकच आकडा विचारतात, "मोतीबिंदू किती केले?" मार्च आला की उद्दिष्ट. फेरतपासणीला आलेल्या माणसाचं उद्दिष्ट कोणी देत नाही. काचबिंदूचा एक माणूस दहा वर्षं डोळस राहिला, ही नोंद कुठल्या रकान्यात करायची?

---

नेत्रपल्लवी

+१००. शेवटचा परिच्छेद प्रत्येक जिल्हा आढावा बैठकीत वाचून दाखवावा असा आहे.

---

म्हापसेकार

गोव्यातून लिहितोय. सिंधुदुर्गातले लोक पूर्वीपासून बांबोळीला येतात, सावंतवाडी-दोडामार्गवाल्यांना ते जवळचं मोठं इस्पितळ. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हा तुमच्याकडच्या वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली होती. दोन्ही बाजूंचं दुखणं मला कळतं. आमच्या राज्यात २०११ मध्येच साठीपुढचे ११ टक्क्यांवर होते, जननदर १.३ वर आलाय. त्यात मधुमेह. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात गोव्याचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, २६.४ टक्के. प्रौढांत चौघांत एक. या सगळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा म्हटलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दुसरं काही करायला वेळच उरणार नाही.

---

स्पष्टवक्ता

मोबाईलचं मागे घेतो. पण सगळं ओझं म्हाताऱ्यांवर टाकताय, हे मला पटत नाही. माझे वडील आणि आजोबा एकाच वयात ऑपरेशनला गेले नाहीत. आजोबा दिसेनासं झाल्यावर गेले. वडील पेपर नीट वाचता येईना म्हणून गेले, तेव्हा ते स्कूटर चालवत होते. म्हातारे तेवढेच असते तरी ऑपरेशनं वाढलीच असती. शस्त्रक्रिया सोपी झाली, विमा आला, जाहिराती आल्या. काही ठिकाणी तर गरज नसताना घाई करतात. आमच्या नात्यातल्या एका बाईंना एका खासगी दवाखान्यात "आठवड्यात केलं नाही तर डोळा जाईल" असं सांगून घाबरवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर थांबलात तरी चालेल.

---

नेत्रपल्लवी

तुमचा मुद्दा अर्ध्याहून जास्त बरोबर आहे, आणि तो मी आधी मांडायला हवा होता. टाक्याशिवायची शस्त्रक्रिया आणि फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणं) आल्यावर उंबरठा, म्हणजे किती कमी दिसल्यावर ऑपरेशन करायचं ती पातळी, खाली आला. पूर्वी "पिकू दे, मग काढू" म्हणायचो कारण तंत्रच तसं होतं. आज फार पिकलेला मोतीबिंदू काढणं उलट अवघड जातं. भिंगही स्वस्त झालं. मदुराईच्या अरविंद संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं देशातच बनवायला घेतली, तो मोठा टप्पा. शिवाय लोकांच्या गरजा बदलल्या. बँकेचा ओटीपी वाचायचा तर सत्तरीतल्या माणसालाही जवळचं स्पष्ट दिसावं लागतं.

म्हणून मी असं म्हणेन की वय आणि उंबरठा यांचा गुणाकार होतो. म्हातारे दुप्पट झाले आणि त्यातला प्रत्येक जण पूर्वीपेक्षा लवकर आला, तर रांग दुपटीवर थांबत नाही.

घाबरवण्याबद्दल: साध्या मोतीबिंदूत आठवड्याची घाई नसते. डोळा अचानक लाल होऊन दुखायला लागला, दिव्याभोवती वलयं दिसली, उलटी झाली, किंवा डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखं वाटलं तर मात्र त्याच दिवशी जावं. बाकी वेळी दुसरं मत घ्यायला कोणी संकोचू नये.

---

लीड्सकर

इंग्लंडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्मा देणारा) आहे. इथे हा विषय रोजचा. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, बाह्यरुग्ण विभागांत सगळ्यात जास्त गर्दी डोळ्यांच्या विभागाला असते, हाडांच्या नव्हे आणि हृदयाच्याही नव्हे. इथल्या नेत्रतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मध्ये अंदाज बांधला होता की मोतीबिंदूची गरज दहा वर्षांत २५ टक्के आणि वीस वर्षांत ५० टक्के वाढेल, आणि कारण मुख्यतः लोकांचं वाढतं वय.

तालुका_दवाखाना यांनी लिहिलेली "कोणी गळत नाही" ही गोष्ट इथे इंजेक्शनांनी घडवली. म्हातारपणात पडद्याच्या मधल्या भागाला जो ओल्या प्रकारचा आजार होतो, त्याला २००८ पासून एनएचएसमध्ये डोळ्यात इंजेक्शन द्यायला लागले. आधी अशा आजीला "फार काही करता येणार नाही" म्हणून घरी पाठवत. आता तिची नजर टिकते, पण त्यासाठी ती सुरुवातीला दर महिन्याला येते, मग वर्षानुवर्षं येत राहते. उपचार सापडला तिथे रांग जन्माला आली. डॉक्टर पुरेनात म्हणून प्रशिक्षित परिचारिका ही इंजेक्शनं द्यायला लागल्या, स्थिर काचबिंदूची तपासणी काही ठिकाणी आमच्यासारख्यांकडे आली. माझ्या खुर्चीत रोज दहा-बारा जण तरी काचबिंदूच्या तपासणीचे असतात.

माझी स्वतःची आई साताऱ्याजवळ एकटी असते. इथे मी दुसऱ्यांच्या आयांचा दाब मोजतो आणि तिला फोनवर विचारतो, "थेंब घातलेस का?" फार लागतं ते मनाला.

---

साकव

लीड्सकर, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. ठाण्यातून मी पण तेच विचारतो.

---

चाफ्याचंफूल

सगळे म्हाताऱ्यांबद्दल लिहितायत, मी दुसऱ्या टोकाचं लिहिते. मला जुळ्या मुली झाल्या त्या एकतिसाव्या आठवड्यात. काचेच्या पेटीत महिनाभर होत्या. डिस्चार्जच्या गडबडीत एका सिस्टरने फाइलवर लाल पेनाने तारीख लिहिली आणि बजावलं, "ही डोळ्यांची तारीख चुकवायची नाही, बाळाला ताप असला तरी फोन करा, पण चुकवू नका." तोवर मला माहीतच नव्हतं की कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा अर्धवट वाढलेला असतो. धाकटीला आरओपी, म्हणजे याच अर्धवट पडद्याचा आजार, निघाला, दोन दिवसांत लेसर केलं. आज ती दुसरीत आहे, चष्मा आहे, धडाधड वाचते.

मला वाटतं हाही लोकसंख्येतलाच बदल आहे. जन्म कमी झाले, पण जे जन्मतात त्यांतली पूर्वी न वाचणारी बाळं आता वाचतात. जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात अतिदक्षता कक्ष झाले. त्या प्रत्येक कक्षाच्या मागे बाळाचा पडदा बघू शकणारा डॉक्टर हवा, तो सगळीकडे नसतो.

---

नेत्रपल्लवी

चाफ्याचंफूल, त्या सिस्टरना माझा नमस्कार. इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासून घ्याच. २८ आठवड्यांपेक्षाही लवकर जन्मलेलं किंवा फारच कमी वजनाचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळ निघून गेली की नजर परत येत नाही.

---

कळवा_ते_कर्जत

इकडची बाजू. २००१-११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली आणि ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली, १ कोटी १० लाखांवर गेली, देशात सगळ्यात जास्त. म्हणजे साकवच्या गावातून आणि गिरणगावातून निघालेली माणसं सगळी आमच्याकडे आली. पण मोठी सरकारी इस्पितळं राहिली भायखळा-परळला. बाबांचा डोळा बांधलेला असताना त्यांना घेऊन कर्जत लोकलमध्ये चढलो आहे, गर्दीत कोणाचं कोपर लागू नये म्हणून हात आडवा धरून उभा होतो. लोकसंख्या सरकते, इमारत सरकत नाही. आणि इथे आलेले तरुण आता पन्नाशीत आहेत. दहा वर्षांनी बघा बदलापूर-अंबरनाथची रांग.

---

झाडीपट्टीचा

आमच्या भंडारा-गोंदियाकडचं सांगतो. पोट्टे कामाले नागपूर, हैदराबादले गेले. धान कापाले कोण? साठीचे बुढे अन् बाया. कापताना धानाचं पातं डोळ्याले लागते. माझ्या मोठ्या आईले लागलं, तिनं दुकानातून कोणते तरी थेंब आणले, आठ दिवस घातले. डोळा पांढरा पडला. बुरशी होती अन् थेंबात स्टेरॉइड होतं म्हणे. डोळा वाचला, नजर अर्धी गेली. तरुण गावात असते तर ती या वयात शेतात वाकली नसती.

---

तालुका_दवाखाना

झाडीपट्टीचा, वाईट वाटलं. आमच्याकडे भातकापणीत अगदी हेच होतं. डोळ्याला पातं, काडी, कुसळ लागलं तर दुकानातले थेंब घालू नका, जवळच्या दवाखान्यात दाखवा, हे मी प्रत्येक ग्रामसभेत सांगतो. घरात कोणी तरुण असला की तो गाडीवर घालून आणतो. एकटी बाई चार दिवस "होईल बरं" म्हणत काढते.

---

गणितमास्तर

यावरून मूळ प्रश्नाची दुसरी बाजू सुचते. रांगेत दिसतात ते आलेले लोक. न आलेले कोण मोजतो? साकव, तुमच्या वाडीत तुमच्या आईच्या वयाच्या किती जणी आहेत आणि त्यातल्या किती दवाखान्यापर्यंत पोचल्या?

---

साकव

मास्तर, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री आईला फोन लावला आणि घरागणिक विचारलं. कुलपं सोडून एकोणीस घरं. त्यात पासष्टीपुढची चोवीस माणसं, पैकी सतरा बायका. ऑपरेशन झालेले सात. "दिसत नाही" म्हणणारे पण अजून कुठेच न गेलेले नऊ, त्यातल्या आठ बायका.

मी समजत होतो पैशाची अडचण असेल. शेजारच्या काकींना फोनवर घेतलं. त्या म्हणाल्या, ऑपरेशन फुकट होतं ते माहीत आहे, गाडीचीही सोय होते. "पण बाबा, नंतर महिनाभर थेंब घालायचे असतात. मला माझ्या डोळ्यात घालता येत नाहीत, हात थरथरतो, गालावर पडतात. घरात कोण आहे?" दोन वर्षं त्या फक्त यासाठी थांबल्यात. मुलगा विरारला, त्याला चतुर्थीला आठ दिवस रजा मिळते, महिनाभर मिळत नाही.

मी रांग बघून विचारलं होतं की गर्दी का. आता कळतंय की अर्धी गर्दी अजून घरातच बसून आहे.

---

नेत्रपल्लवी

थेंब साधारण चार ते सहा आठवडे असतात, सुरुवातीला दिवसातून बऱ्याचदा. काकींचं म्हणणं पूर्ण खरं आहे. डिस्चार्ज देताना आम्ही "घरी कोण आहे" हे विचारून कागदावर लिहीत नाही, हे चुकतं आमचं. आडवं झोपून, पापणी खाली ओढून थेंब घालायला शिकवता येतं, पण हात थरथरत असेल तर माणूसच हवा.

---

तालुका_दवाखाना

साकव, त्या नऊ जणांची नावं आणि वाडी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझा तालुका नसला तरी तुमच्याकडचे सहकारी ओळखीचे आहेत. नऊही जणांना एकाच आठवड्यात घेता आलं तर थेंबांचं एकच वेळापत्रक होईल आणि एक माणूस घरोघर फिरून सगळ्यांना घालू शकेल. आशाताईंशी बोलून बघतो, पण त्यांच्यावर आधीच फार कामं आहेत, म्हणून वाडीतलंच कोणी मिळालं तर उत्तम.

---

दशावतारी

साकवानू, वाडी खयची? कुडाळ बाजूक असलात तर मी येतंय. सकाळचो आणि सांजचो थेंब माझो.

---

साकव

कुडाळपासून अकरा किलोमीटर. व्यनि केलाय दोघांना. दुपारच्या थेंबांना आई तयार आहे, ती म्हणते आता तिला बाटलीवरचं नाव वाचता येतं. चतुर्थी झाली की मी चार दिवस जास्त थांबून सगळ्यांचे केसपेपर काढून देतो. काकींचा मुलगाही थांबणार आहे.